नदीकाठच्या सफाई मोहिमांनी खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : घराजवळून छोटी नदी वाहते, काठाला थोडी हिरवी मोकळी जागा आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे सफाई मोहिमा होतात आणि काही महिन्यांत कचरा पुन्हा तेवढाच दिसतो. मग स्वयंसेवक म्हणून जाण्यात अर्थ आहे का, आणि गेलोच तर नेमकं काय करावं?

अर्थ आहे. मी नऊ वर्षं हे काम करतोय. पहिली दोन वर्षं जिथे मोहीम असेल तिथे जायचो, आज हा काठ, पुढच्या महिन्यात दुसराच. त्या दोन वर्षांत भरलेल्या गोण्या पुष्कळ, पण कुठल्याही एका जागेबद्दल मला काही सांगता आलं नसतं. मग आम्ही सहा जणांनी नदीचा शंभरेक मीटरचा एक तुकडा ठरवला आणि दर पंधरा दिवसांनी तिथेच जायला लागलो. फरक तेव्हापासून दिसायला लागला. म्हणून माझा सल्ला एवढाच, की एक छोटा तुकडा धरा आणि वर्षभर तो सोडू नका.

मोठ्या मोहिमांना मी कमी लेखत नाही. 3 मे 2008 रोजी एस्टोनियात पन्नास हजार लोक एकाच दिवशी बाहेर पडले आणि त्यांनी रानावनात टाकलेला सुमारे 10,000 टन कचरा उचलला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याआधी कित्येक महिने स्वयंसेवक हिंडून कचऱ्याची ठिकाणं नकाशावर नोंदवत होते, अशी दहा हजारांहून जास्त ठिकाणं त्यांनी टिपली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या एका दिवसाला यश आलं ते या नकाशामुळे. त्याच कामातून पुढे 2018 मध्ये जागतिक स्वच्छता दिन सुरू झाला, आणि आता संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी 20 सप्टेंबर ही तारीख मान्य केली आहे. सप्टेंबरचा चौथा रविवार जागतिक नदी दिन म्हणून 2005 पासून पाळला जातो. नवे लोक जोडायला हे दोन्ही दिवस उत्तम. मी स्वतः असाच एका मोहिमेत योगायोगाने ओढला गेलो होतो.

आता मोजणीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काम हेच आहे. 1986 मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर दोन बायकांनी सफाई सुरू केली तेव्हा उचललेली प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवायची असं त्यांनी ठरवलं. त्यातून आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. वर्षानुवर्षं त्या यादीत सिगारेटची थोटकं पहिल्या क्रमांकावर होती. 2019 च्या मोजणीत खाऊच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं. थोटकाचा फिल्टर सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, हे मलाही आधी माहीत नव्हतं.

आमच्या तुकड्यावर मोजणी सुरू केली तेव्हा लोक कंटाळले. 'उचलायचं सोडून लिहीत काय बसायचं?' हा प्रश्न दर वेळी यायचा. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच एक गोष्ट दिसली. थर्माकोलचे कप आणि पातळ पिशव्या जवळजवळ सगळ्या एका पादचारी पुलापासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला सापडत होत्या, वरच्या अंगाला त्या नावालाच होत्या. कचरा वरून वाहत येत नव्हता, तिथूनच पडत होता. पुलाच्या तोंडाशी कचरापेटी होती, पण झाकण तुटलेलं, आणि वाऱ्याने तिच्यातलंच सगळं उडून पाण्यात जात होतं. तीन महिन्यांचे आकडे एका कागदावर मांडून आम्ही संबंधित कार्यालयात दिले. पहिल्या खेपेला कुणी लक्ष दिलं नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही, तिसऱ्या खेपेला झाकणाची पेटी आली. पुलाखालची गोणी त्यानंतर अर्धीसुद्धा भरत नाही. मोजलं नसतं तर आम्ही आजही तिथेच वाकून कप वेचत बसलो असतो.

उचलताना काय उचलायचं नाही, हेही शिकावं लागतं. उत्साहात लोक पाण्यात पडलेला ओंडका ओढून काढतात, पालापाचोळा खराट्याने लोटतात, मातीचा उभा काठ उतरता करून 'नीट' करतात. ओंडक्याच्या आडोशाला माशांची पिल्लं राहतात. पाण्यात पडलेलं पान कुजतं, ते किडे खातात आणि किडे मासे खातात. उभ्या काठात मुठीएवढं भोक दिसलं तर ते खंड्याचं किंवा वेड्या राघूचं घर असू शकतं. दोघंही मातीत बोगदा कोरून आत अंडी घालतात. आमच्यातल्या एका मुलाने असाच एक काठ फावड्याने साफ करायला घेतला होता. वर तारेवर एक खंड्या चोचीत मासा धरून बसला होता आणि काही केल्या खाली येत नव्हता. तो पिल्लांसाठी थांबला आहे हे लक्षात यायला आम्हाला दहा मिनिटं लागली. आम्ही सगळे मागे सरकलो तसा तो सरळ भोकात शिरला. तेव्हापासून विणीच्या काळात आम्ही त्या काठाच्या जवळही जात नाही.

तुमच्याबरोबर मुलं असतील तर त्यांना दगड उलटायला सांगा. उथळ, वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड हलकेच उचलायचा, खालची बाजू पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यात धुवायची आणि मिनिटभर गप्प बसायचं. आधी नुसता गाळ दिसतो. मग त्यातली एखादी काडी चालायला लागते. ती कॅडिसफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची अळी. तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण आणि पानाचे तुकडे जोडून ती अंगाभोवती नळी बांधते. शेपटीला बहुधा तीन केस असलेली मेफ्लाय या दुसऱ्या उडणाऱ्या किड्याची पिल्लं दिसतात. हे जीव स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात टिकतात. याउलट लालभडक, वळवळणाऱ्या अळ्याच तेवढ्या दिसल्या तर समजावं, की पाण्यात प्राणवायू कमी आहे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथेही जगतात. पाण्याची एक बाटली भरून तपासली तर त्या क्षणाचं पाणी कळतं, पण हे किडे तिथे कित्येक आठवडे राहत असतात, त्यामुळे मागचे दिवस कसे गेले तेही सांगतात. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूवर ठेवायचा.

काठावरच्या झाडांचा संबंध इथेच येतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. 5 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक माशांना त्रास व्हायला लागतो. छोट्या नदीवर सावली असणं म्हणूनच इतकं मोलाचं आहे. झाडं लावायची तर त्याच भागातली लावा, उष्ण प्रदेशात करंज, उंबर, वाळुंज, थंड प्रदेशात विलो, आल्डर. पाण्याला अगदी लागून गवतं आणि झुडपं, मोठी झाडं वर. आणि रोप लावणाऱ्याने पुढची तीन वर्षं त्याच्याकडे बघायचं कबूल केलं असेल तरच खड्डा खणा. फोटो काढून मोकळं होणारी वृक्षारोपणं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण मेलेल्या रोपांच्या रांगेवरून पुढे चालत जाणारा नवा स्वयंसेवक पुन्हा येत नाही. मोकळं गवताळ मैदान असेल तर त्यावर झाडं लावूच नका. तिथल्या पक्ष्यांना गवतच हवं असतं.

पाण्यावर जलपर्णी असेल तर एक सांगून ठेवतो. ही मूळची दक्षिण अमेरिकेची वनस्पती, पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात वीस वर्षंही तग धरतं. फुलं येण्याआधी काढावी आणि ढीग पुराच्या रेषेच्या वर रचावा. पण सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस येत राहिलं तर ती परत येणारच. तेव्हा काढतानाच सांडपाणी कुठल्या तोंडातून मिसळतं त्याचे फोटो आणि तारखा टिपत जा.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. जाड हातमोजे आणि बंद बूट नसतील त्याला मी पाण्याजवळ येऊ देत नाही. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू हातापायावरच्या साध्या चिरेतून शिरतो, म्हणून जखम आधी पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस कामच नको. सुई, सिरिंज, डबाबंद रसायन दिसलं तर हात न लावता जागा नोंदवून संबंधितांना कळवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर नदीच्या पाण्यात काम केलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सुरुवात करायची तर पहिल्या दिवशी काहीच उचलू नका. वही घेऊन जा, तुकड्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चाला, कचरा कुठे अडकतो, पाईप कुठे उघडतात, लोक काठावर कुठून उतरतात ते लिहा. मग एका काठावर तासभर बसा. आमच्या गटात आजवर टिकलेले जवळजवळ सगळे लोक त्या तासामुळे टिकले आहेत. दुसऱ्या खेपेला दोघा-तिघांना बरोबर घ्या, तिसऱ्या खेपेला गोण्या. गोण्या नेणार असाल तर भरलेला माल कोण आणि कधी उचलणार हे आधी पक्कं करा, नाहीतर पुढच्या पुरात त्याच गोण्या नदीत जातात. आमच्या एकदा गेल्या आहेत.

तुमच्या नदीचा तळ दगडगोट्यांचा आहे की चिखलाचा, आणि उन्हाळ्यात पाणी वाहतं राहतं का, हे खाली लिहा. चिखलाचा असेल तर दगड उलटून उपयोग नाही, तिथे जाळी वापरावी लागते. ती कशी करायची ते सविस्तर सांगतो.