मेयोनीजविना ट्यूना : नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यास पत्र

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डबाबंद ट्यूनामध्ये मेयोनीजऐवजी नेमके काय घालावे, असे तू विचारले आहेस. एखाद्या पदार्थाचे नाव सांगून मला उत्तर संपवता आले असते. परंतु मग तू तेवढीच एक वस्तू आणून घालशील, चव कुठेतरी उणी वाटेल आणि चार दिवसांत मेयोनीजची बाटली पुन्हा बाहेर निघेल. बहुतेकांचे असेच होते. म्हणून मेयोनीज त्या भांड्यात कोणकोणती कामे करते ते आधी समजून घे. ती कामे वेगवेगळी ओळखता आली की प्रत्येक कामासाठी त्याहून चांगली वस्तू सहज सापडते.

डब्यातला मासा कोरडा लागतो त्याला कारण आहे. कारखान्यात ट्यूना बहुधा आधी वाफेवर शिजवतात, मग कातडी, काटे आणि गडद मांस काढून तो डब्यात भरतात, आणि डबा हवाबंद केल्यावर त्याला दाबाखाली पुन्हा तीव्र उष्णता देतात. म्हणजे तुझ्यापर्यंत येतो तेव्हा हा मासा दोनदा शिजलेला असतो. त्यातच त्याच्या मांसात मुळात चरबी कमी. पाण्यातल्या ‘लाइट’ (मुख्यतः लहान जातीच्या) ट्यूनाच्या निथळलेल्या 100 ग्रॅम मांसात प्रथिने सुमारे 20 ते 25 ग्रॅम असली तरी चरबी जेमतेम 1 ग्रॅम भरते. मेयोनीज या कोरडेपणावर तिहेरी इलाज करते: त्यातल्या तेलाने मांस मऊ लागते, व्हिनेगर किंवा लिंबाच्या आंबटपणाने माशाचा उग्र वास दबतो आणि त्याच्या दाटपणामुळे सुटे तुकडे एकत्र धरले जातात.

अडचण प्रमाणाची आहे. मेयोनीज म्हणजे अंड्याच्या बलकाच्या आधाराने घट्ट केलेले तेलच होय. त्यात साधारणपणे 65 ते 80 टक्के तेल असते आणि एका मोठ्या चमच्यातून 90 ते 100 कॅलरी पोटात जातात. एका डब्याला असे तीन-चार चमचे कधी पडले ते कळतही नाही, आणि मग माशाच्या कॅलरींहून मेयोनीजच्याच कॅलरी दुप्पट-तिप्पट होतात. प्रथिनांसाठी मुद्दाम मासा निवडायचा आणि खायचे मात्र मुख्यतः तेल, हे मला पटत नाही.

सुरुवात डबा निवडण्यापासून कर. पाण्यातला ट्यूना हलका असतो, पण म्हणून तेलातला सरसकट टाकाऊ समजू नकोस. ऑलिव्ह तेलातला डबा घेतलास तर त्यातलेच चमचाभर तेल पुढे वापरता येते आणि वेगळे तेल घालावे लागत नाही. तेल पूर्ण फेकून द्यायचे असेल तर मात्र पाण्यातलाच डबा बरा, कारण माशातली ओमेगा-3 मेदाम्ले काही प्रमाणात त्या तेलात उतरतात आणि त्याच्याबरोबर निघून जातात. डब्यावरचा मिठाचा, म्हणजे सोडियमचा, आकडाही वाच. निथळलेल्या 100 ग्रॅम ट्यूनामध्ये बरेचदा 250 ते 400 मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात 2,000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. मीठ न घातलेला डबा मिळाला तर उत्तम. नाही तर मासा चाळणीत घेऊन गार पाण्याखाली हलकेच धुतला तरी बरेच मीठ निघून जाते.

निथळण्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि निम्मी बिघडलेली सॅलडे तिथेच बिघडतात. झाकण कापून झाले की ते काढून टाकू नकोस, तसेच माशावर राहू दे. डबा बेसिनवर उलटा धर, दोन्ही अंगठ्यांनी झाकण आत दाब आणि धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत तसाच धरून ठेव. कापलेली कड बोटाला लागणार नाही एवढे मात्र सांभाळ. मग मासा पसरट भांड्यात काढून काट्याने त्याच्या पाकळ्या सोडव. चेचू नकोस. भुगा झालेला ट्यूना घातलेले सगळे पिऊन टाकतो आणि तरी कोरडाच लागतो. बोटाच्या पेराएवढे तुकडे राहिले तर घास चावताना मासा खाल्ल्यासारखे वाटते.

पाकळ्या सोडवताना क्वचित एखादा पारदर्शक, काचेसारखा खडा दिसतो. तो बहुधा माशातल्याच खनिजांपासून डब्यात तयार झालेला स्ट्रुवाइट नावाचा निरुपद्रवी स्फटिक असतो. शंका आली तर थोड्या व्हिनेगरमध्ये टाकून काही मिनिटे गरम कर. स्फटिक विरघळू लागतो, काच विरघळत नाही.

आता पहिले काम आंबटपणाचे, आणि ते सर्वांत आधी करायचे. माशाच्या वासाला कारणीभूत असलेली अमाइन्स आम्लाशी संयोग पावली की त्यांचे क्षार बनतात. हे क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून तो वास नाकापर्यंत येत नाही. एका डब्याला अर्ध्या लिंबाचा रस पुरतो. तो कोरड्या पाकळ्यांवर पिळून पाच-दहा मिनिटे मुरू दे आणि मगच इतर काही घाल. याच वेळी बारीक चिरलेला कांदा व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवलास तर त्याचा तिखटपणाही उतरतो. मीठ अजून घालायचे नाही. ते अगदी शेवटी, चाखून, आणि बहुधा लागतच नाही.

दुसरे काम स्निग्धतेचे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा, तो असा की ऑलिव्ह तेल आरोग्याला चांगले, म्हणून कितीही ओतले तरी चालते. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात, म्हणजे तेवढ्याच मेयोनीजपेक्षाही अधिक. फायदा आहे तो असा, की तेलाची चव स्वतंत्र आणि स्पष्ट असल्याने ते थोडे पुरते. लहान वाटीत एक छोटा चमचा तयार मस्टर्ड (मोहरीची बाटलीबंद पेस्ट) आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस घे आणि काट्याने सतत फेटत त्यात दोन छोटे चमचे तेल थेंबाथेंबाने सोड. मोहरीच्या सालात एक चिकट द्रव्य असते, ते तेल आणि रस यांना धरून ठेवते. मिश्रण आधी पातळ आणि तवंगी दिसते, मग एकाएकी फिकट पिवळे आणि दाट होते. तेवढ्याने सगळा डबा माखला जातो आणि पूर्ण मिश्रणात तेलाच्या सुमारे 80 कॅलरी येतात. काकडी, कोवळी सेलरी, मिरपूड आणि मूठभर पार्सली घातली की एका माणसाचे जेवण होते. तुला काही एकच करायचे असेल तर हे कर.

तिसरे काम बांधणीचे. सँडविचसाठी सारण एकजीव हवे असेल तेव्हाच त्याची गरज पडते; सॅलड सुटेच चांगले लागते. बहुतेक जण इथे घट्ट दही सुचवतात आणि ते योग्यच आहे, कारण त्यात चरबी थोडी आणि प्रथिने भरपूर असतात. पण दही वापरायचे तर फडक्यात बांधून त्याचे पाणी पूर्ण काढून घे, लिंबू निम्मे कर, कारण दही स्वतः आंबट असते, आणि मिश्रण खाण्याच्या थोडेच आधी कालव. रात्री कालवून सकाळी डब्यात नेलेस तर पाणी सुटून पाव भिजलेला मिळेल. पिकलेला अव्होकाडो चेचून घातला तर मेयोनीजचा मऊपणा हुबेहूब येतो. त्याच्या 100 ग्रॅममध्ये चरबी सुमारे 15 ग्रॅम असली तरी ती मुख्यतः एकअसंपृक्त असते आणि जोडीला सुमारे 7 ग्रॅम तंतूही मिळतात. तिळाची पेस्टही चालते. लिंबू पडताच ती घट्ट होऊन आळते, तेव्हा घाबरू नकोस. चमचा-चमचा गार पाणी घालून ढवळत राहिलीस किंवा राहिलास की ती पुन्हा सैल आणि पांढरट होते.

मला स्वतःला मात्र या सर्वांहून मऊ शिजलेले पांढरे राजमे किंवा काबुली चणे अधिक आवडतात. पाऊण वाटी दाण्यांपैकी निम्मे काट्याने चेचायचे आणि निम्मे अख्खे ठेवायचे. चेचलेले दाणे मासा बांधून ठेवतात आणि अख्खे दाणे तोंडात येतात. ट्यूनामध्ये तंतू अजिबात नसतात, ती उणीव इथे आपोआप भरून निघते, आणि एका डब्यात दोघांचे पोट भरते. ‘लो फॅट’ मेयोनीजच्या वाटेला जाऊ नकोस, एवढेच सांगते. त्यात तेल कमी असते हे खरे, पण ती जागा पाणी, स्टार्च आणि बरेचदा साखर घेते, आणि चव अशी फिकी लागते की हात दुप्पट सैल सुटतो.

गरम पदार्थात ट्यूना घालायचा असेल तर तो आधीच दोनदा शिजलेला आहे हे विसरू नकोस. टोमॅटो, लसूण आणि थोड्या तेलाचा रस्सा पास्त्यासाठी आटवून घे, आच बंद कर आणि मग मासा घालून हलक्या हाताने एकदाच ढवळ. भांड्याच्या उष्णतेनेच तो पुरेसा गरम होतो. कटलेट करायचे तर एका डब्याला एक अंडे, एक लहान उकडलेला बटाटा आणि दोन चमचे ओट्स घेऊन मिश्रण पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे ओट्स ओल शोषून घेतात आणि तव्यावर कटलेट फुटत नाहीत. तळायची गरज नाही. तव्याला तेलाचा हात फिरवून दोन्ही बाजू सोनेरी होईपर्यंत शेकले की झाले. भिजवलेल्या कांद्यासह हे कटलेट विशेष चांगले लागतात.

इतके चविष्ट झाले म्हणून रोज मात्र खाऊ नकोस. ट्यूना मोठा शिकारी मासा असल्याने त्याच्या मांसात पारा साठतो, आणि सगळ्या जातींत तो सारखा नसतो. ‘लाइट’ म्हणून विकला जाणारा मासा मुख्यतः आकाराने लहान असलेला स्किपजॅक असतो. ‘व्हाइट’ किंवा अल्बाकोर ट्यूनामध्ये त्याच्या साधारण तिप्पट पारा आढळतो. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे, की डबाबंद लाइट ट्यूना आठवड्यातून दोन ते तीन वेळा किंवा त्याऐवजी अल्बाकोर फक्त एकदा खावा. एका वेळचे प्रमाण सुमारे 113 ग्रॅम धरावे. लहान मुलांचे प्रमाण वयानुसार याहून बरेच कमी असते. तुझ्यासारख्या धडधाकट व्यक्तीनेही लाइटला पसंती द्यावी आणि मधल्या दिवशी सार्डिनसारखा लहान मासा घ्यावा, असे माझे मत आहे.

उरलेल्या माशाविषयी मात्र मी कडक आहे. उघडलेला ट्यूना काचेच्या झाकणबंद भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. तो उबेत पडून राहिला तर जंतूंच्या क्रियेने त्यात हिस्टामाइन तयार होऊ शकते, ज्याने चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे असे त्रास होतात. आणि हिस्टामाइन नंतर कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही. खाताना जिभेला मिरीसारखे चरचरले तर घास तिथेच थांबव. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा न उघडता टाकून दे, चाखूनही पाहू नकोस. दुपारी बाहेर नेण्यासाठी दाण्यांचे मिश्रण सर्वांत सोयीचे पडते, पण तेही बर्फाच्या पिशवीसोबत ने आणि पाव वेगळा बांध. पहिल्या खेपेला लिंबू कमी पडले की जास्त झाले, ते मला कळव, म्हणजे मोहरीचे प्रमाण कसे बदलायचे ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी हितचिंतक