दरडीनंतरच्या दवाखान्याविषयी

प्रिय डॉक्टर,

घाटाखालच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोस्टिंग मिळालं, छान झालं. ‘इथे दरड आली तर मला रडूच येईल,’ असं लिहिलंस. येऊ दे. तुझ्या रडण्याची मला काळजी नाही. त्या दिवशी तुझी वही कोरी राहिली तर मात्र पंचाईत.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे; रोजच्या वाटेवर त्याला गावच दिसेना. १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे गाडीरस्ताच नव्हता, पथकं डोंगर चढून गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि २३ जुलैला शोध थांबला. हे आकडे नीट बघ. अशा वेळी तुझ्यापुढे जखमींपेक्षा नातलगच जास्त असणार. कॉलेजात याची तयारी कोणी करून घेत नाही.

तरी आधी जिवंतांचं. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे पहिल्यांदा जा. ढिगाऱ्यात मांडी तासन्‌तास दबलेला माणूस बोलतो, पाणी मागतो, आणि दगड उचलल्यावर थोड्या वेळात जातो. चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं, हृदय थांबू शकतं. त्यातून वाचला तर मूत्रपिंडं धोक्यात. म्हणून दगड हलवण्याआधी शिरेतून नॉर्मल सलाईन सुरू कर. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. त्यासाठी बचाववाल्यांना ‘थांबा’ म्हणावं लागेल आणि वर उभा असलेला भाऊ तुला शिव्या देईल. खाऊन घे. काळी पट्टी, म्हणजे ‘वाचण्याची आशा नाही’ ही खूण, बांधलेल्या माणसाचा श्वास अजून चालू असेल तर त्याच्याजवळ कोणाला तरी बसव. शिपाई चालेल, शाळेतले गुरुजी चालतील.

मग मृतांचं. ‘लवकर उरका, साथ येईल,’ असा दबाव वरूनही येतो, गावातूनही. दरडीत गेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ येत नाही, खराब पाण्यामुळे येते. तेव्हा विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला माणूस धाड आणि ओळख पटवायला वेळ मागून घे. गोंदण, जोडवी, करगोटा, लुगड्याचा काठ, सगळं लिही. नंबर दे, फोटो काढ. चेहरा पुसल्याशिवाय नातलगांना आत घेऊ नकोस, आणि एका वेळी एकाच घरातली माणसं घे. माझ्या मते डॉक्टरची माया त्या दिवशी सगळ्यात जास्त इथेच लागते. पाठीवर हात ठेवणारे पुष्कळ असतात. हे मात्र तू केलं नाहीस तर कोणीच करणार नाही.

सांगताना बसून सांग. माणूस गेला असेल तर ‘गेला’ म्हण. ‘सिरीयस आहे’ म्हणून तासभर ढकलू नकोस. ठाऊक नसेल तर ‘अजून कळलेलं नाही, कळलं की मीच सांगेन,’ म्हण आणि खरंच सांग. ‘तुम्ही तरी वाचलात’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. काय घडलं ते वदवून घ्यायलाही जाऊ नकोस; ज्याला बोलायचंय तो बोलेल. (पुढारी फोटोसाठी वॉर्डात येतील. हात जोडून दारातच थांबव. जमलं तर!)

तेराव्यानंतर कॅमेरे जातात आणि तुझी ओपीडी सुरू होते. डोकं दुखतं, घास उतरत नाही, पाऊस वाढला की छातीत धडधडतं. ज्या घरातलं कोणी सापडलंच नाही तिथे हे फार दिवस चालतं. बी कॉम्प्लेक्स लिहून वाटेला लावू नकोस. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी आत्ताच ओळख करून ठेव आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या घरांत स्वतः जाऊन ये.

आणखी एक. तुझी आशाताई त्याच वाडीची असेल. ती पहाटेपासून तुझ्याबरोबर धावेल, याद्या तोंडपाठ सांगेल, कारण प्रत्येक घर तिला माहीत आहे. तिच्या घरचे कुठे आहेत, हे आधी विचार. तिचं कोणी गेलं असेल तर तिला कामातून मोकळं कर आणि मोबदल्याचे कागद दुसऱ्या कोणाकडून भरून घे. शेजारच्या गावातली आशा मागवायची तर टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) फोन करावा लागेल. नंबर भिंतीवर लिहून ठेव, त्या दिवशी मोबाइलला रेंज नसेलही. वायरलेस पोलीस चौकीत असतो.

तुझे
सर