क्लेम येईल या भरवशावर कर्ज काढू नका

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४८, तीन वर्षं लघवीवर ताबा नाही, आता शौचावरचाही सुटायला लागलाय, गोळ्या-व्यायाम सगळं करून झालं. डॉक्टरांनी सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन (माकडहाडाच्या वरच्या नसेला हलका विजेचा प्रवाह देणारं बॅटरीवरचं यंत्र शरीरात बसवणं) सुचवलंय, कोटेशन साडेसात लाख. ९ लाखांची एफडी मोडू की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन काढू? एजंट म्हणतो लोन काढा, चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या फॅमिली फ्लोटरमधून (सगळ्या घराची मिळून एकच आरोग्य विमा पॉलिसी) क्लेम आला की फेडून टाका. फॉर्म त्यानेच भरला आणि जुन्या आजाराच्या रकान्यात "नाही" लिहिलं.

ताई, एफडी-लोन नंतर बघू, आधी तो "नाही" बघा. हॉस्पिटलच्या पहिल्याच कागदावर "तीन वर्षांपासून त्रास" लिहिलेलं असणार, कंपनी जुने पेपर मागवेल, क्लेम तर नाकारेलच पण पॉलिसीही रद्द करू शकते, म्हणजे मिस्टर आणि मुलं पण उघड्यावर. खरं लिहून पॉलिसी मिळाली असती तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागलं असतं, बस. एजंटने कमिशनसाठी तुम्हाला यात ढकललंय, मला खरंच राग येतो अशा लोकांचा. या आठवड्यात कंपनीला स्वतः ईमेल करा, आजार कधीपासून, औषधं कुठली, सगळं लिहा. प्रीमियम वाढेल, वेटिंग पिरियड लागेल, कदाचित पॉलिसी जाईलही, तरी क्लेमच्या आधी सांगितलेलं बरं.

आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की मिस्टरांच्या कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे पण "तो छोटा म्हणून धरला नाही". अहो, तोच आधी धरा! बऱ्याच ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, एचआरकडून लेखी घ्या की हे इम्प्लांट त्यात बसतं का. बसलं तर खिशातून साडेचारच लाख.

आता खर्च. ही सर्जरी दोन टप्प्यांत होते, आधी माकडहाडाच्या वर नसेजवळ वायर टाकून एक-दोन आठवडे ट्रायल, तुम्ही रोज डायरी लिहायची, त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच बॅटरी बसवतात. म्हणून दोन्ही टप्प्यांचं कोटेशन वेगळं मागा, एकदम साडेसात लाख भरू नका. बॅटरी कायमची नसते, मॉडेलप्रमाणे ५ ते १५ वर्षांत बदलावी लागते, तेव्हा पुन्हा काही लाख, त्यासाठी आत्तापासून महिना पाच हजारांची एसआयपी, दहा वर्षांत आठेक लाख होऊ शकतील. घोट्याजवळ सुई लावून नस उत्तेजित करायचा प्रकारही आहे, दर आठवड्याला अर्धा तास, १२ वेळा, खूप स्वस्त. लघवीसाठी उपयोग होतो, शौचासाठी पुरावा तोकडा आहे, पण डॉक्टरांना विचाराच.

लोन नकोच. ७ टक्क्यांची एफडी ठेवून १४ टक्क्यांचं कर्ज, सात लाखांवर ३ वर्षांत दीडेक लाख नुसतं व्याज. एफडीतून सध्या ट्रायलपुरतेच काढा, डायरी बघून पुढचे.