पलटणीच्या फाटकावर भेटणारी माणसं

चि. लेफ्टनंटसाहेब,

अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला निघालास, अभिनंदन. पत्रात विचारलंस, ‘तिथले लोक कसे असतात?’ आणि पुढच्याच ओळीत मेसमध्ये ऐकलेलं उत्तरही लिहून मोकळा झालास : आळशी, सतत हात पसरणारे, शब्दाला न जागणारे. जाऊन आलेले अधिकारी सांगतात म्हणजे खरंच असणार, असा तुझा सूर दिसला. ते खोटं बोलत नसतीलही. पण ती माणसं त्यांना भेटली कुठे, हे विचारलंस का?

माझी सगळी नोकरी जवानांना इतिहास शिकवण्यात गेली, तेव्हा उत्तरही तिथूनच येणार. सोसून घे.

1945 साली अमेरिकन लष्कराने पॅरिसमध्ये एक पुस्तिका छापून आपल्याच सैनिकांना वाटली. फ्रेंचांबद्दलच्या 112 तक्रारी, अगदी सैनिकांच्या तोंडच्या, आणि प्रत्येकीखाली उत्तर. तशी वेळच आली होती. ज्यांना जर्मनांच्या ताब्यातून सोडवायला आलो त्या फ्रेंचांच्या नावाने सैनिक बोटं मोडत होते आणि ज्यांच्याशी लढलो त्या जर्मनांचं कौतुक करत होते. फ्रेंच लुबाडतात, अंघोळ करत नाहीत, दिवसभर कॅफेत बसून असतात, 1940 मध्ये लढलेच नाहीत. शेवटचं तर सरळ चूक. जर्मनांनी फ्रान्स जिंकला त्या सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून जास्त फ्रेंच सैनिक कामी आले.

लुबाडण्याचं मात्र नीट बघ, कारण त्यात सैनिकाचा अनुभव खरा होता आणि निष्कर्ष चुकलेला. डॉलरला 50 फ्रँक हा सरकारी दर. प्रायव्हेटचा, म्हणजे साध्या शिपायाचा, मूळ पगार महिना 50 डॉलर, आणि तो त्याला याच दराने मोडून मिळायचा. काळ्या बाजारात त्याच डॉलरला कितीतरी जास्त फ्रँक पडत. दुकानदाराला स्वतःच्या घरचं लोणी आणि कोळसा काळ्या बाजारातून आणावा लागे, त्यामुळे त्याचे भाव त्या हिशोबाने चढलेले. सैनिक ते भाव सरकारी दराने डॉलरमध्ये मोजायचा आणि कपाळावर हात मारायचा. डिसेंबर 1945 मध्ये फ्रँकचं अवमूल्यन झालं, डॉलरला सुमारे 119 फ्रँक मिळू लागले. दारूची तीच बाटली डॉलरमध्ये रातोरात निम्म्याहून स्वस्त झाली. फ्रेंच माणूस त्या रात्रीत प्रामाणिक झाला नव्हता.

त्यात काळ्या बाजारात विकली जाणारी सिगारेट आणि पेट्रोल कुठून यायचं? बरंचसं अमेरिकन लष्कराच्याच गोदामांतून आणि मालगाड्यांतून. चोरणारे आणि विकणारेही वर्दीतलेच. ही बाजू मेसमध्ये कुणी सांगत नाही.

शिवाय परक्या वर्दीतलं गिऱ्हाईक फ्रेंचांना नवं नव्हतं. देश जर्मनांच्या ताब्यात होता ती चार वर्षं जर्मन सैनिक येत होता. एका मार्काला 20 फ्रँक हा दर जर्मनांनी स्वतःच ठरवलेला. त्यांच्या शिपायाने या स्वस्ताईत दुकानं धुऊन नेली. वर त्या सैन्याच्या मुक्कामाचा खर्च फ्रान्सच्याच तिजोरीतून. साबण, कोळसा, धान्य, सगळं आटलं. मग अमेरिकन सैनिक ट्राममध्ये नाक धरून म्हणतो, यांना अंघोळ माहीत नाही. पुढे जर्मनीत त्याची राहायची सोय एखाद्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या गावातल्या ताब्यात घेतलेल्या घरात झाली, न्हाणीघरात पाणी होतं, फरशी पुसलेली होती, आणि तो म्हणाला, ही आपल्यासारखी माणसं! एकाची चूल चार वर्षं लुटली गेली आणि दुसऱ्याची लुटीवर पेटत राहिली, एवढाच फरक त्याच्या नजरेतून सुटला.

आता उलट बाजू. ल हाव्र हे फ्रान्सचं बंदर घे. 5 आणि 6 सप्टेंबर 1944 च्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यांत तिथले सुमारे दोन हजार नागरिक मेले. आठवड्याभरात शहर ‘मुक्त’ झालं. नंतर अमेरिकन फौजांची ये-जा तिथूनच, आसपास मोठमोठ्या छावण्या, त्यांना नावं सिगारेटींची : लकी स्ट्राइक, ओल्ड गोल्ड, फिलिप मॉरिस. ऑगस्ट 1945 मध्ये तिथल्या महापौरांनी, पिएर व्हॉयझँ यांनी, अमेरिकन कर्नलला लिहिलं की बागा आणि कबरस्तानंसुद्धा सैनिकांच्या चाळ्यांतून सुटलेली नाहीत, लोकांना बायकामुलांना घेऊन बाहेर पडणं मुश्किल झालं आहे. काही उपयोग झाला नाही. त्या शहरात वाढलेल्या पोराने अमेरिकन म्हणजे दारुडा असं मनात धरलं, तर ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नॉर्मंडीच्या कुंपणझाडीत जर्मनांशी लढताना मेलेला अमेरिकन त्याला भेटलाच नव्हता. भेटला तो खिशात पैसे असलेला, बोटीची वाट पाहणारा, रिकामटेकडा.

याच फ्रान्समधली आणखी एक गोष्ट, आणि ही मी वर्गात नेहमी हळू सांगायचो. बलात्काराबद्दल अमेरिकन लष्कराने तिथे ज्या 29 सैनिकांना फाशी दिली, त्यांतले 25 कृष्णवर्णीय होते. फौजेत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. गुन्हे घडलेच नव्हते असं मी म्हणत नाही. पण अंधारात पाहिलेला माणूस कोण होता हे ठरवताना गावकऱ्यांचा पूर्वग्रह आणि लष्करी कोर्टाचा पूर्वग्रह नेमके जुळले. बाकी कुठल्याच बाबतीत त्यांचं पटत नव्हतं.

तू मराठा रेजिमेंटचा. ‘गणपत’ हे मराठा जवानाचं टोपणनाव, ते म्हणून घेताना छाती फुगते, फुगू दे. पण इंग्रजांच्या राज्यात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानी फौजेचे सरसेनापती असताना याच मुंबई इलाख्यातल्या शिपायाला इंग्रजांच्या लढाऊ जातींच्या यादीत खालच्या पायरीवर बसवलं होतं. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनवर चालून गेला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेला. मोंतोने गावात 2023 मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. छान झालं. मात्र स्मारक दाखवून तिथे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्याआधी दोनच महिने, मे 1944 मध्ये, रोमच्या दक्षिणेला फ्रेंच फौजेतल्या मोरोक्कन सैनिकांनी गावंच्या गावं छळली, बायकांवर अत्याचार केले. त्यानंतर तिथल्या एखाद्या बाईने परक्या वर्दीतला सावळा माणूस पाहून दाराला कडी लावली असेल, तर दार वाजवणारा गणपत कितीही सज्जन असो, तिचं काय चुकलं? दुसऱ्याच्या पापाचा संशय तुझ्यावरही येईल. त्याचा राग मानायचा नाही, ते वर्दीबरोबर येतंच.

आता तुझ्या कामाचं. तुमच्या फाटकाशी रोज जे येतील त्यांच्यावरून देश जोखू नकोस. फाटकाशी गरजू येतो, विकणारा येतो आणि बातमी काढणारा येतो. शेळ्या राखणारा कशाला येईल? 2013 च्या डिसेंबरात दक्षिण सुदानमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तिथले हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांच्या आसऱ्याला आले. घरदार, गुरं गेलेला माणूस रांगेत हात पसरणारच. त्याच्याकडे गुरं होती तेव्हा तो कसा होता, हे त्याला विचार. गुरांबद्दल विचारलंस की तिथल्या जमातींतला डिंका काय, नुएर काय, माणूस खुलतो.

दुभाषाही कुठल्या तरी एका बाजूचा असतो, हे पहिल्या दिवसापासून धरून चाल. महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून पुन्हा ऐक. शक्य तेव्हा बायकांशी बोल, तुझ्या तुकडीत महिला जवान असतील तर त्यांना पुढे कर. संध्याकाळी जवान ‘हे लोक असेच’ म्हणायला लागले की भाषण ठोकू नकोस, फक्त विचार : कोण, कुठे, किती पैशांचा व्यवहार होता? निम्मे तिथेच गप्प होतील.

आणि पोचल्या पोचल्या, पहिल्याच आठवड्यात, बाजारात जाऊन एका शेळीची, एका कोंबडीची आणि पाणी वाहणाऱ्याच्या दिवसाच्या मजुरीची किंमत वहीत लिहून ठेव. तुमचा तळ नव्हता तेव्हा किती होती तेही एखाद्या म्हाताऱ्याला विचार. सहा महिन्यांनी आपला रसद पाहणारा क्वार्टरमास्टर ‘हे लुटारू आहेत’ म्हणत तुझ्याकडे येईल, तेव्हा ती वही त्याच्यापुढे ठेव आणि मला कळव तो काय म्हणाला ते.

तुझा,
मास्तर