वडील वारले, त्यांच्या परवान्याच्या बंदुका घरात ठेवता येतील का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: वडिलांची एक डबलबारी (दोन नळ्यांची) बारा बोअर आणि शेतीसाठीची एक ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक कुडाळकडच्या घरी आहे, तुम्ही पुण्यात राहता, भाऊ गावी शेती करतो, आणि परवान्याची मुदत अजून शिल्लक आहे.

त्या मुदतीचा तुम्हाला उपयोग नाही. बंदूक वारसाला मिळते, परवाना मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे दोन्ही बंदुका, उरलेल्या काडतुसांसकट, विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायच्या. नव्या परवान्याचं त्यानंतर बघा.

आधी बंदुका भरलेल्या आहेत का ते पाहा. बारा बोअर सोपी आहे. बोट चापापासून लांब, नळ्या मोकळ्या दिशेला; कळ दाबून उघडली की काडतुसं दिसतात. गोची ठासणीच्या बंदुकीची. ती उघडत नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. घोड्याखाली केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसलेली दिसली तर हातच लावू नका, ठाण्याला फोन करा. केप नसेल तर नळीच्या तोंडासमोर न येता बाजूने गज आत सोडा, तोंडाशी गजावर खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक केपच्या जागेपर्यंत पोचायला हवं. चार बोटं आधी अडत असेल तर आत बार (ठासलेली दारू) आहे असंच धरून चाला. नळीत डोकावून बघणारे महाभाग असतात, त्यातले तुम्ही होऊ नका. जुनी काडतुसं 'चालतात का बघू' म्हणून उडवायचीही नाहीत.

बंदूक पिशवीत घालून एसटीने ठाण्यात न्यायची नाही. आधी लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना, आणि ताबा कसा घेणार ते ठाण्यालाच ठरवू द्या. पावतीवर बोअर, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या हवीच. नंबर स्वतः जुळवून घ्या. हाताने लिहिलेल्या जुन्या परवान्यांत ३ चा ८ झालेला असतो आणि अर्ज तिथेच अडकतो. शक्य असेल तर बंदूक विक्रेत्याकडे ठेवा. भाडं पडतं, पण ठाण्याच्या मालखान्यातल्या दमट हवेत नळी गंजते.

शस्त्र नियम, २०१६ मधल्या नियम २५ खाली वारसाला परवाना मिळू शकतो. नमुना ए-१ मध्ये अर्ज, इतर वारसांची प्रतिज्ञापत्रावर नाहरकत, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वय किमान २१. तुम्ही पुणे शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, भावाचा सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. माझ्या मते ठासणीची भावाच्या नावावर मागावी, कारण पीक संरक्षणासाठी अशी बंदूक मागणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याची बाजू अधिनियमाच्या कलम १३ मुळे भक्कम असते. बारा बोअर फक्त आठवण म्हणून फ्लॅटमध्ये ठेवायची असेल तर विकून टाका. विक्रेत्यामार्फत रीतसर विकता येते. ठेवायचीच असेल तर अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच अग्निशस्त्रांची मर्यादा आहे आणि वारशाची बंदूकही त्यातच मोजली जाते.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. अपिलाला ३० दिवस असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते विभागीय आयुक्तांकडे करायचं. तोवर बंदूक जमाच राहते.