नवीन लग्न झालंय, दोघं कमावतो. घरखर्चासाठी एकत्र बजेट ॲप वापरावं का, आणि कोणतं?

वापरा. पण तयार ॲप घेण्याआधी तुमच्या घरात पैसा कधी येतो ते बघा.

आमची देवगडकडे हापूसची बाग आहे. ही ॲपं धरून चालतात की एक तारखेला पगार होतो. आमच्याकडे पैसा येतो तो मार्च ते मे, वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात पडली की. आणि जातो दिवाळीनंतर, फवारणीला आणि राखणदाराला. त्यात दलालाकडून उचल घेतलेली असते. ती जमेत टाकली की ॲप हिरवा आकडा दाखवून मोकळं. ते कर्ज आहे, पेट्या गेल्या की कापून घेणार आहेत, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून मी सरळ गूगल शीट केलं. वर्ष जून ते मे, बागेचं पान वेगळं, घराचं वेगळं. नवऱ्यालाही लिहायची परवानगी दिली. तेव्हा ऐकलं, "हिशोब कित्याक व्हयो? माझ्यार विश्वास नाय?" सासूबाईंचं तर ठरलेलंच, "किराण्याक हिचो हात सैल."

वर्षभराने बेरीज मारली. किराणा तिसऱ्या नंबरावर. पहिल्यावर गणपती: माटवीचं (मूर्तीवर बांधतात त्या छताचं) सामान, मुंबईहून आलेला गोतावळा, भजनाला येणाऱ्या प्रत्येक मंडळाची उसळ. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गणपती कमी कोण करतं! पण दुसऱ्यावर होतं 'इतर'. हा रकाना कोणी भरला? लॅपटॉपवर त्या चौकटीवर राइट क्लिक करून एडिट हिस्ट्री बघितली. नवऱ्याचं नाव. मित्रांना हातउसने, परत न आलेले. मी काही बोलले नाही, फक्त लॅपटॉप सासूबाईंसमोर ठेवला. तेव्हापासून माझ्या हाताची चौकशी बंद आहे.

तर 'इतर' हा रकाना ठेवूच नका. बाजारात रोखीने घेतलेली मासळी त्याच रात्री लिहा, यूपीआयचं नंतरही सापडतं.

हां, तुम्ही दोघं पगारदार असाल तर तयार ॲपही चालेल. मात्र खर्च टिपायला ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, ती विचार करून द्या आणि डेटा अधूनमधून उतरवून ठेवा. मिंटसारखं अमेरिकेतलं गाजलेलं ॲपसुद्धा २०२४ मध्ये बंद झालं.

आणि दोघांकडे थोडे पैसे असे असू देत, ज्यांचा हिशोब कोणी मागायचा नाही. माझे आमसुलांचे पैसे शीटमध्ये नाहीत. टाकणारही नाही.