त्रेचाळीस हजारांचा पातळ लॅपटॉप: आत्ता, नंतर की दुसराच?

प्रश्न: मी २७ वर्षांची, भांडुपला आईसोबत राहते. फोर्टमधल्या एका सीए फर्ममध्ये अकाउंटंट आहे, हातात ३४ हजार येतात. शिवाय मुलुंडच्या चार दुकानांचं टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम संध्याकाळी घरून करते, त्याचे महिन्याला ९ हजार. ऑफिसात डेस्कटॉप आहे. स्वतःचा लॅपटॉप रविवारी दुकानांत नेते. तो २०१७चा, सातव्या पिढीचा आय-५, जड आहे आणि बॅटरी गेली आहे. दुरुस्तीवाला साडेसात हजार सांगतो. मी १४ इंची पातळ लॅपटॉप बघून ठेवलाय: रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ४२,९९० रुपये. १६ जीबीचा ५२,९९०ला. दुकानदार म्हणतो, नऊ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय करा, एकरकमी भरलेत तर दोन हजार कमी करतो, आणि जीएसटी बिल घ्या म्हणजे टॅक्समध्येही सुटेल. खात्यात ७४ हजार आहेत. घरखर्च २६ हजार, एसआयपी ३ हजार, भिशी २ हजार. भिशीचा माझा नंबर ऑगस्टमध्ये आहे, २४ हजार मिळतील. आत्ता जूनमध्येच घेऊन टाकू का?

उत्तर: लॅपटॉप घ्या, पण हा नको आणि जूनमध्ये नको.

आधी टॅक्सचं बोलतो, कारण तिथे तुम्हाला चक्क गंडवलं जातंय. जीएसटी बिलावर तुमच्या नावापुढे जीएसटी नंबर असेल तरच त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. तुमची बाहेरच्या कामाची उलाढाल वर्षाला लाखभर रुपये. सेवा देणाऱ्याला नोंदणी २० लाखांनंतर लागते. एका लॅपटॉपपायी नोंदणी करून स्वतःचंही रिटर्न भरत बसायचं? तुम्ही हे काम करता, तुम्हाला मी काय सांगणार. राहिला प्राप्तिकर. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तो कोणाला कामाचा? ज्याला कर भरायचा आहे त्याला. पगार आणि बाहेरचं मिळून तुमचं उत्पन्न सव्वापाच लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. शून्यातून काय वजा करणार? तेव्हा ४२,९९० म्हणजे ४२,९९०च.

आता ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. क्रेडिट कार्डावरच्या नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट किमतीत आधी दाखवली जाते. १६ टक्के दर धरला तर नऊ महिन्यांचं व्याज साधारण २,७०० रुपये होतं. ते त्या सवलतीत वळतं होतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९० रुपये, तुमच्या माथी. प्रोसेसिंग फी १९९ रुपये असेल तर जीएसटी धरून २३५. वर एकरकमीची दोन हजारांची सूट गेली. म्हणजे फुकटचा म्हणवणारा ईएमआय पावणेतीन हजारांना पडतो. महिन्याचे ४,७७७ रुपये तुम्हाला जड नाहीत, तुमच्याकडे सगळं देऊनही बारा हजार उरतात. पण हप्ता परवडतो म्हणून तो घ्यायचा, हे मला पटत नाही. ऑगस्टमध्ये हातात रोकड येणार आहे.

खरा मुद्दा यंत्राचा आहे. पातळ आणि स्वस्त या दोन गोष्टी एकत्र हव्या असतील तर कंपनी कुठेतरी हात आखडते, आणि बहुतेक वेळा तो रॅमवर आखडते. तुम्ही पाहिलेल्या ७५२०यू चिपसोबत येणारी रॅम मदरबोर्डवर थेट सोल्डर केलेली असते. वाढवता येत नाही, आज नाही आणि तीन वर्षांनीही नाही. टॅलीला ८ जीबी पुरून उरेल. पण तुमचं काम नुसतं टॅली नाही. एका खिडकीत जीएसटी पोर्टल, दुसरीत २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आणि खरेदी रजिस्टर जुळवणारी एक्सेल, तिसरीत बँक स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर दुकानदाराने पाठवलेले बिलांचे फोटो, आणि हे सगळं विंडोज ११वर. आज भागेल. चौथ्या वर्षी तुम्ही वैतागाल.

आणि त्या चिपच्या नावाबद्दल. ‘रायझन ५’ वाचून माणसाला वाटतं मधल्या फळीतला दमदार प्रोसेसर. सात हजारांच्या या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, म्हणजे २०१९मध्ये बाजारात आलेली रचना, चार कोअर. ७५३०यूमध्ये तिसरा आकडा ३, झेन ३, सहा कोअर. खोक्यावर दोघांच्याही नावात ५ आहे. म्हणून १६ जीबीसाठी दहा हजार जास्त देऊन हाच चार कोअरचा प्रोसेसर घेणं मला अजिबात पसंत नाही. त्या पैशात चांगली चिप मिळायला हवी.

मग पातळपणाचा उपयोग काय? भांडुपहून सीएसएमटीला स्लो गाडीत महिला डब्यात उभ्याने जाताना खांद्यावर किलोभर वजन कमी असणं ही चैन नाही, हे कबूल. रोज न्यायचा असता तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो. पण तुम्हीच लिहिलंय की तो फक्त रविवारी मुलुंडला जातो. आठवड्यातून एकदाच्या, दोनच स्टेशनांच्या प्रवासासाठी बाकी सहा संध्याकाळची गैरसोय का सोसायची? गैरसोय आहेच. १४ इंची पातळ लॅपटॉपना बहुधा नंबरपॅड नसतो. तुम्ही एन्ट्री कशी करता ते आठवा: डावा हात बिलांच्या गठ्ठ्यावर, अंगठ्याने पुढचं बिल उलटत, उजवा हात न बघता नंबरपॅडवर. वरच्या ओळीतले आकडे शोधत दोनशे बिलं टाकून बघा एकदा. वेगळा यूएसबी नंबरपॅड काही शे रुपयांत मिळतो, पण मग तो सांभाळायचा आणि एक पोर्ट अडवायचा.

माझा सल्ला असा: १५.६ इंची, नंबरपॅड असलेला, रॅमचा निदान एक स्लॉट रिकामा असलेला लॅपटॉप बघा. चिप ७५३०यू किंवा इंटेलची आय-५ १२३५यू चालेल. वजन पावणेदोन किलोच्या आत असलं की झालं. तुमच्याच पट्ट्यात, ४५ हजारांपर्यंत, असे मिळायला हवेत. आत्ता ८ जीबीवर सुरू करा. मेमरी चिप्सचे भाव २०२५च्या अखेरपासून चढले आहेत, त्यामुळे रॅमची दुसरी पट्टी लगेच घालण्याची घाई नको. दुकानं चाराची सहा झाली की घाला. पाच हजार त्यासाठी धरले तरी एकूण ५० हजार, आणि वापर सहा वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे ७०० रुपये. सोल्डरवाल्या ४२,९९०चे चार वर्षं धरून महिन्याला जवळपास ९०० होतात. वर्षांचा अंदाज माझा आहे, एखादं वर्ष इकडेतिकडे होईल, पण पारडं फिरणार नाही.

स्क्रीनबद्दल फार डोकं लावू नका. या किमतीत रंग फिकेच असतात, तुम्हाला आकडे दिसायला हवेत. फक्त स्क्रीन मागे-पुढे कलवून बघा. अक्षरं विटत असतील तर तो सोडा.

लॅमिंग्टन रोडला मिळणारे कंपन्यांतून सुटलेले रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, आणि विद्यार्थ्याला मी तोच सुचवतो. कीबोर्ड दणकट, रॅम वाढवता येते. आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नये, कारण विंडोज ११ तिथून पुढेच अधिकृतपणे चालतं. पण तुमच्या डोक्यावर जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० या तारखा आहेत. १९च्या रात्री यंत्र बसलं आणि २० तारखेचं ३बी रिटर्न राहिलं, तर दिवसाला ५० रुपये लेट फी हा भाग किरकोळ आहे. दुकानदार दुसरा माणूस बघतो हा मोठा. म्हणून तुमच्यासाठी नवा, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी ऑनसाइट वॉरंटी असलेला. कॅरी-इन असेल तर सर्व्हिस सेंटरच्या रांगेत तुम्हीच उभ्या. साध्या वॉरंटीत पाणी जाणं बसत नाही, आणि जुलैतली मुंबई तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर नवं यंत्र बाहेर काढायला मिळालं तर बरंच.

पैसे कुठून? खात्यातले ७४ हजार म्हणजे तुमचा पावणेतीन महिन्यांचा घरखर्च. आत्ता ४२,९९० काढलेत तर ३१ हजार उरतील, जेमतेम सव्वा महिना, आणि घरात आई आहे. ऑगस्टपर्यंत थांबलात तर भिशीचे २४ हजार आणि जुलै-ऑगस्टच्या बाहेरच्या कामाचे १८ हजार, मिळून ४२ हजार होतात. वरचे दोन-तीन हजार खात्यातून. एसआयपीला हात नाही, कार्डाला हात नाही. भाव या दोन महिन्यांत दोन हजारांनी वाढले तरी मी हेच सांगेन. स्वातंत्र्यदिनाच्या सेलमध्ये कमी झाले तर उत्तम, पण त्यावर हिशेब बांधू नका.

तोवर जुना लॅपटॉप चार्जर लावून वापरा. साडेसात हजार त्याच्यात घालू नका, सातव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. मात्र एक गोष्ट आजच बघा: टचपॅड वर उचलला गेलाय का, खालचं झाकण फुगलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. वापर थांबवा आणि ती काढून घ्या. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमच्याकडे चार धंद्यांचे पासवर्ड आणि बँक स्टेटमेंट आहेत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. ती नोंदणी केली नसेल तर करा, आणि टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर नव्हे, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. एक्स्चेंजमध्ये दोन-तीन हजारच देत असतील तर जुना घरीच ठेवा, अडीनडीला होईल.

दुकानात गेल्यावर ‘स्लॉट आहे’ हे तोंडी ऐकून घेऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर मेमरीच्या रकान्यात स्लॉट लिहिलाय का ते तिथल्या तिथे मोबाइलवर बघा, आणि रॅम वाढवल्यास वॉरंटी राहते का हे सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. दुकानाची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारतील, ती नको. वाढवायचीच तर कंपनीची घ्या.

भिशीत कोणाची अडचण निघाली आणि तुमचा नंबर पुढे गेला, तर महिना-दीड महिना आणखी थांबा. त्यापुढे नाही: ती वाढीव अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. तेव्हा भिशी आली नसली तरी खात्यातून पैसे काढून घ्या, आणि भिशी आली की तेवढेच परत खात्यात भरा.